पान कशासाठी उलटलं?

गुलमंडीहून औरंगपुऱ्याकडे निघालं की कापडाची आणि सराफ्याची गर्दी मागे पडते आणि वह्या-पुस्तकांची दुकानं लागतात. सरस्वती भुवनचा परिसर, बलवंत वाचनालय, थोडं पुढे पैठण गेट. संभाजीनगरच्या कितीतरी पिढ्यांचं वाचन या एवढ्याशा पट्ट्यात वाढलं. इथल्या काउंटरवर एक वाक्य पूर्वीही ऐकू यायचं, आजही येतं : "नवीन काहीतरी चांगलं सुचवा ना." विचारणारा बहुधा पट्टीचा वाचक असतो. गाजलेली पुस्तकं त्याने कधीच संपवलेली असतात. दिवाळी अंक तो नोव्हेंबरातच फस्त करतो. त्याला उत्तर देणं म्हणूनच अवघड.

उत्तर देताना आपण सवयीने विचारतो, "काय हवं? कादंबरी, रहस्यकथा, की आत्मचरित्र?" कपाटंही तशीच लावलेली असतात. मग वाचक ज्या कपाटापासून आला त्याच कपाटाकडे आपण त्याला परत पाठवतो. रहस्यकथा आवडली, तर ही घ्या आणखी एक. आत्मकथन आवडलं, तर हे दुसरं. चार-सहा पुस्तकांनंतर तो कंटाळतो आणि दोष मात्र नव्या पुस्तकांवर येतो : "आता पूर्वीसारखं कुणी लिहीत नाही."

माझं म्हणणं असं आहे की वाचकाला प्रकार विचारूच नये. शेवटचं आवडलेलं पुस्तक वाचताना त्याने पान कशासाठी उलटलं, ते विचारावं. त्या उत्तरात पुढचं पुस्तक दडलेलं असतं आणि पुष्कळदा ते शेजारच्या कपाटात असतं.

गुलमंडीवरचा मुरलेला कापड दुकानदार गठ्ठा सोडण्याआधी दोन प्रश्न विचारतो : कुणासाठी हवंय, आणि आधी काय नेलं होतं? मगच त्याचा हात फळीकडे जातो. पुस्तक सुचवणाऱ्यानेही आधी एवढं विचारायला हवं.

समजा, एखादा वाचक रहस्यकथांवर पोसलेला आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड त्याने लहानपणी वाचले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे त्याला खाद्य कमी पडलं नाही. पुढे गुरुनाथ नाईक आले, मग सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी. अलीकडे त्याने डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' दोन रात्रींत संपवली. आता तो विचारतो, पुढे काय? "अशीच आणखी एक" हे उत्तर सोपं आहे. पण थांबून विचारलं, की यात तुम्हाला धरून काय ठेवलं, तर वेगवेगळी उत्तरं येतात. एक म्हणतो, गुन्हा कुणी केला ते कळेपर्यंत चैन पडत नाही. दुसरा म्हणतो, चोर-पोलिसांची ती दुनियाच मला आवडते, तिथले नियम, इशारे, पळवाटा. तिसरा सांगतो, नायक अडचणीत सापडला की तो कसा सुटतो ते बघायचं असतं. तिघांनीही एकच पुस्तक वाचलेलं असतं, पण तिघांची भूक निराळी असते. तिघांना पुढचं पुस्तकही निराळं द्यायला हवं.

चोर-पोलिसांच्या दुनियेचं आकर्षण असणाऱ्या दुसऱ्या वाचकाला मी लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' देईन. ते आत्मकथनाच्या कपाटात असतं, त्यामुळे रहस्यकथेचा वाचक तिकडे फिरकतही नाही. पण त्याला जे हवं ते तिथे काठोकाठ भरलेलं आहे. गायकवाड लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. अशा जमातीतल्या एका घराची ही कहाणी आहे. पोलिसांची हजेरी आहे, झडत्या आहेत, चोरीची तालीम आहे, मार सहन करण्याची तालीमसुद्धा आहे. रहस्यकथेत चोर नेहमी बाहेरून दिसतो, खिडकीपाशी हललेल्या सावलीसारखा. इथे वाचक त्या घराच्या आत बसलेला असतो आणि दारावर पोलिसांची थाप पडते. ज्याला त्या दुनियेचे नियम जाणून घ्यायचे होते, त्याला ते इथे कळतात, आणि ते कुणी, कशासाठी घडवले तेही कळतं. १९८७ साली आलेलं हे पुस्तक आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. पण रहस्यकथेच्या वाचकाला ते पुरस्कारासाठी देऊ नये. "तुमच्या दुनियेची आतली बाजू आहे," एवढं सांगून द्यावं.

तिसऱ्या वाचकाचं उत्तर, "तो सुटतो कसा ते बघायचं असतं," यावर मला थोडं रेंगाळायचं आहे. कारण मला वाटतं, रहस्यकथा आणि आत्मकथन यांच्यातलं खरं नातं तिथे आहे. झुंजार मरणार नाही, हे अर्नाळकरांच्या वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. पुढच्या महिन्यात झुंजारचं नवं पुस्तक यायचंच असतं. तरीही श्वास रोखला जातो. म्हणजे शेवट ठाऊक असतानाही उत्सुकता टिकते, कारण तिचं लक्ष वाटेवर असतं. आत्मकथनातही हेच घडतं. सांगणारा माणूस यातून वाचला, शिकला, लिहिता झाला, हे पुस्तक हातात असण्यातूनच सिद्ध झालेलं असतं. आपण पानं उलटतो ती "कसा?" या एका प्रश्नासाठी.

प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' घ्या. ते १९७९ साली आलं, 'बलुतं' या आत्मकथनाच्या पाठोपाठच. सोनकांबळे आपल्याच शहरात इंग्रजी शिकवत, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात. १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुलं शिकायला आली. त्यांपैकी अनेकांनी पुढे लिहिलं. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघालं आणि त्या लिहिण्याला व्यासपीठ मिळालं. सोनकांबळ्यांच्या पुस्तकात आईबापाविना वाढणारा पोरगा आज जेवायला मिळेल का, एवढ्या एका प्रश्नावर दिवस ढकलतो. हा प्रश्न कुठल्याही तिजोरीच्या चावीपेक्षा मोठा ताण निर्माण करतो. नायक सुटेल का, या ओढीने वाचणाऱ्या माणसाला हे पुस्तक खाली ठेवता येणार नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हेही असंच. १९९४ सालचं हे पुस्तक अनेकांनी एका बैठकीत संपवल्याचं सांगितलं आहे. या एका बैठकीचं कारण शोधायला गेलं तर तेच सापडतं : हा मुलगा डॉक्टर झाला, हे ठाऊक आहे, पण झाला कसा?

आता उलट दिशेने येऊ. समजा, एक वाचक फक्त आत्मचरित्रं वाचते. 'स्मृतिचित्रे' तिने कितीदा वाचलं असेल. 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा घराघरांत झालेले वाद तिला आठवतात. 'आयदान' तिच्या कपाटात आहे. जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' तिने वाराणसीच्या बालपणासाठी वाचलं आणि केंब्रिजपर्यंत त्यांच्याबरोबर गेली. ती म्हणते, कल्पित मला नको, खरं घडलेलं हवं. तिला कादंबरी द्यायची म्हणजे आधी तिच्या या वाक्याशी बोलायला हवं. "खरं घडलेलं" म्हणजे नेमकं काय हवं असतं तिला? मला वाटतं, तिला एक माणूस समोर बसून बोलतोय, ही जाणीव हवी असते. आणि त्या बोलण्यात तो काय लपवतोय, कुठे स्वतःची बाजू सावरतोय, हे ओळखण्यातला आनंद हवा असतो. 'आहे मनोहर तरी'वर जे वाद झाले, ते याच जागेवरचे होते. सांगणारीवर विश्वास कुठवर ठेवायचा?

हीच ओढ असेल तर तिला रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' द्यावी. १९७१ची कादंबरी. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. आत्मचरित्राच्या वाचकाला या आवाजाशी जुळवून घ्यायला फार पानं लागणार नाहीत, आणि आपल्याकडच्या वाचकाला तर बोलीही घरचीच. बोराडे सर याच शहरात राहिले आणि २०२५च्या फेब्रुवारीत इथेच गेले. ते गेल्यावर पुष्कळांनी 'पाचोळा' पुन्हा शोधली. ज्यांनी अजून वाचलेली नाही, त्यांनी श्रद्धांजली म्हणून न वाचता आवाजासाठी वाचावी.

त्यानंतर तिला एक पाऊल पुढे नेता येतं, नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर'कडे. अंताजी नावाचा कल्पित माणूस अठराव्या शतकातली, बंगालपर्यंत पोचलेली आपली धामधुमीची कहाणी स्वतःच सांगतो. म्हणजे हे आत्मचरित्रच, फक्त माणूस कल्पित. अंताजी हुशार आहे आणि सोयीने सांगणारा आहे. सांगणाऱ्याला पारखायची सवय असलेली वाचक इथे आपलं सगळं कसब वापरू शकते. तिथून ऋषिकेश गुप्ते यांची 'दंशकाल' फार लांब नाही. ती भयकथेची ताकद घेऊन आलेली घराण्याची कादंबरी आहे, आणि त्या घरात काय झालं यापेक्षा ते कोण, कसं आठवतोय, याकडे कान लावावा लागतो. त्यापुढे अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरची १९२६ सालची कादंबरी. तिच्यात काय आहे ते मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर वाचणाऱ्याचा हक्क हिरावून घेतल्यासारखं होईल. एवढंच म्हणतो की रहस्यकथा कधीच न वाचणाऱ्या आत्मचरित्राच्या वाचकाला द्यायची ही पहिली रहस्यकथा आहे. खरं फक्त आत्मचरित्रात असतं असं म्हणणारी ही वाचक अशा रीतीने, स्वतःचा एकही आग्रह न सोडता, खुनाच्या गोष्टीपर्यंत येते.

इथे एक जुनी अढी आड येते, आणि तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे शिफारस करणारे पुष्कळदा शिडी घेऊन बसलेले असतात. खाली रहस्यकथा, मधे "वाचनीय" कादंबऱ्या, वर "गंभीर" साहित्य. रहस्यकथेच्या वाचकाला चार पायऱ्या चढवण्याचं पुण्यकर्म आपण करतोय, अशी त्यांची समजूत असते. वाचकाला हे लगेच जाणवतं आणि तो पुन्हा त्या माणसाला विचारायला येत नाही. शिरवळकरांचं उदाहरण पाहा. फिरोज इराणी लिहिणाऱ्या याच लेखकाने १९८२ साली 'दुनियादारी' लिहिली. पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावरची ती मुलं कितीतरी वाचकांना स्वतःची वाटली. २०१३ साली तिच्यावर सिनेमा आला तेव्हा पुढची पिढी पुन्हा पुस्तकाकडे वळली. शिरवळकरांचे वाचक रहस्यकथेतून 'दुनियादारी'कडे आणि 'दुनियादारी'तून परत रहस्यकथेकडे सहज ये-जा करत राहिले. नारायण धारप यांच्या बाबतीतही, २०१८च्या 'तुंबाड' या सिनेमामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळल्यावर, कधीही भयकथा न वाचलेली माणसं त्यांची पुस्तकं मागू लागली. म्हणून कपाट बदलून पुस्तक द्यायचं ते दोन्ही दिशांनी. रहस्यकथेच्या वाचकाला 'उचल्या' देणाऱ्याला भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'च्या वाचकाला धारपही देता आले पाहिजेत.

आणि कधी कधी कपाट बदलूच नये. आजारपणातून उठलेला, दिवसभर दुकान सांभाळून दमलेला किंवा ज्याच्या घरात दुःख झालंय असा माणूस "तसंच आणखी एक" मागतो, तेव्हा त्याला तसंच एक द्यावं. त्याला ओळखीच्या आवाजाची गरज असते. ही गरज ओळखणं हाही शिफारशीचाच भाग.

मग याद्यांचं काय? पुरस्कारांच्या याद्या आहेत, वृत्तपत्रांच्या वर्षाखेरीच्या याद्या आहेत. 'ललित' मासिक १९६४पासून नव्या पुस्तकांची दखल घेत आलं आहे, आणि त्यातली 'चोखंदळ वाचकांची निवड' कित्येक वाचनालयांच्या खरेदीला उपयोगी पडली. मला या याद्या हव्यात. त्यांच्याशिवाय नवं पुस्तक आपल्यापर्यंत पोचणारच नाही, कारण मराठीत पुष्कळ पुस्तकांची पहिली आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते. पण यादी पुस्तकाचं नाव सांगते. ते कुणाच्या हातात द्यायचं, ते सांगू शकत नाही. अलीकडचे साहित्य अकादमीचे मराठी पुरस्कार पाहा. २०२० : नंदा खरे यांची 'उद्या', त्यांनी तो पुरस्कार स्वीकारला नाही. २०२२ : प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'. २०२३ : कृष्णात खोतांची 'रिंगाण'. तिन्ही कादंबऱ्या, त्यामुळे तिन्ही एका कपाटात. पण 'उद्या' मी विज्ञानकथा आणि थरारकथा वाचणाऱ्याला आधी देईन. माणसांवर सतत नजर ठेवणारी उद्याची व्यवस्था तिच्यात आहे, आणि फास आवळत जातो तसा आवळत जाणारा ताण आहे. 'रिंगाण' मी शिकारकथा आणि जंगलातली थरारक वर्णनं आवडणाऱ्याला देईन. धरणाने उठवलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला परत आणायला निघालेला माणूस. या दोघांच्या समोरासमोर येण्यात जो थरार आहे तो भल्याभल्या थरारकथांत सापडत नाही. विस्थापनाचा प्रश्न तिच्यात आहेच आणि तो मोठा आहे. पण "विस्थापनावरची महत्त्वाची कादंबरी" असं सांगून पुढे केली तर शिकारकथेचा वाचक ती घेणार नाही, आणि तोच तिचा उत्तम वाचक ठरला असता.

सुचवताना किती सांगायचं, हेही इथेच येतं. कथानक सांगू नये. त्याऐवजी दारातच अडखळवणारी गोष्ट सांगावी. 'रिंगाण'ची बोली पहिल्या काही पानांत जड वाटेल, मोठ्याने वाचा, कान सरावतो. 'आठवणींचे पक्षी' सलग काळाने जात नाही, प्रसंगाप्रसंगाने येतं, तेव्हा तारखा शोधू नका. 'कोसला'त गोष्ट पुढे सरकत नाही असं वाटलं तर त्याचा नायक सांगवीकर याच्या बोलण्याकडे लक्ष द्या. भालचंद्र नेमाडे इथल्या विद्यापीठात शिकवत होते, त्यांची ही १९६३ची पहिली कादंबरी आजही नव्या वाचकाला पन्नासाव्या पानाच्या आसपास सोडून द्यावीशी वाटते आणि नंतर सोडता येत नाही. अशी एक सूचना पुस्तक वाचून होण्याची शक्यता वाढवते. कथानकाचा सारांश ती कमी करतो.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि माणूस लागतो. मराठवाड्याला या माणसाची किंमत विशेष कळायला हवी. निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूत होता, सार्वजनिक सभेला सरकारची परवानगी लागे. मराठी वाचायला आणि मराठीत चार गोष्टी बोलायला जी थोडी ठिकाणं होती, त्यांत वाचनालयं होती. हातोहात फिरणारं पुस्तक आणि ते कुणाला द्यावं हे जाणणारा माणूस, यांवर इथलं वाचन तगलं. १९४८च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला, १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग पडले, अनुदान मिळू लागलं. पुस्तकं वाढली. पण काउंटरमागे बसणाऱ्याचा पगार इतका तुटपुंजा राहिला की वाचून, वाचकाला ओळखून पुस्तक काढून देणं ही त्याची नोकरी उरली नाही, हौस उरली. जिथे ही हौस टिकली आहे, तिथे वाचनालय चालतं. दुसरीकडे फक्त पुस्तकांची देवघेव होते.

म्हणून या कामाचा थोडा भार वाचकांनी उचलायला हवा. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका पुस्तकाने दुसऱ्याकडे कसं नेलं, याची नोंद एखादा वाचक किती प्रेमाने ठेवू शकतो, ते त्यात दिसतं. आपण तेवढं लिहायची गरज नाही. पण पुढच्या वेळी वाचनालयात पुस्तक परत कराल तेव्हा ते नुसतं काउंटरवर ठेवून येऊ नका. कितव्या पानावर झोप उडाली, ते सांगा. अर्धवट सोडलं असेल तर कुठे सोडलं, तेही संकोच न करता सांगा. तुमच्या मागे उभ्या असलेल्या वाचकाने काय परत केलं, तेही एकदा विचारा. आणि पुढचं पुस्तक निवडताना, एकदा तरी, ज्या कपाटापाशी तुम्ही कधीच थांबत नाही तिथलं एक घरी न्या.